शिळा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी काळी रबरी पिशवी आहे. भाजीची नव्हे. माझ्यात कधी वांगं पडलं नाही की कोथिंबिरीची जुडी. दवाखान्यात गुंगी देण्याचं एक यंत्र असतं, त्याच्या नळीला मी लटकत असे. रोग्याला लागणारा पुढचा श्वास पोटात तयार ठेवायचा, त्यानं ओढला की द्यायचा आणि लगेच पुन्हा भरायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे. पण या कामात चूक झाली तर तक्रार करायला माणूस उरत नाही.

दिसायला मी दुधी भोपळ्यासारखी. माप दोन लिटर. घराणं मात्र मोठं. विहिरीतून पाणी ओढणारी मोट आमच्याच कुळातली, आणि पाठीवरून पाणी वाहून नेणारी पखालही. त्या दोघी कातड्याच्या, मी रबराची. एवढा फरक तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे तो एका भल्या माणसाच्या ध्यानात राहिला नाही.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. झाडाचा चीक, गंधक, काजळी आणि भट्टी, हे माझे आईबाप. अंगावर वीज साठून ठिणगी पडू नये म्हणून आम्हाला काजळी घालून काळं करतात. काळं असण्याचा उपयोग असतो, हे मला जन्मतःच कळलं. तुम्हाला ते शाळेत कोणी सांगितलं नसेल तर आता सांगते.

एक्क्याऐंशी साली माजलगाव तालुक्यात, दिंद्रुडच्या अलीकडे, एका सहकारी साखर कारखान्यानं सभासदांसाठी दवाखाना काढला. त्या दवाखान्यात मी आले. उद्घाटनाला यंत्राला झेंडूचा हार घातला. हार लांब होता, त्यामुळे तो माझ्याही गळ्यात आला. चेअरमन शहादेव आप्पांनी नारळ फोडला आणि भाषणात आमचा उल्लेख 'परदेशी तंत्रज्ञान' असा केला. मी मान खाली घातली. तशी ती नेहमी खालीच असते.

आप्पा वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं, तर समजायला सोपं गेलं असतं.

आमच्या यंत्राला दोन सिलिंडर होते. एक निळा, एक काळा पांढऱ्या खांद्यांचा. काळ्यात ऑक्सिजन. निळ्यात नायट्रस, ज्याला पुस्तकात हसवणारा वायू म्हणतात. बोट चिरडलेलं असो की गळू पिकलेलं, दोन्ही वायू निम्मे निम्मे दिले की रोग्याला झोप लागत नाही, पण दुखणं लांब गेल्यासारखं वाटतं. हसण्याचं म्हणाल तर आमच्या भागात फारसं कोणी हसलं नाही. वायूत दोष नसावा.

यंत्र सांभाळायच्या चंद्रभागाबाई. त्या दवाखान्याच्या नर्स, मूळच्या लिंबागणेशच्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. अंबाजोगाईला एका म्हाताऱ्या भूलतज्ज्ञांकडे त्या हे काम शिकलेल्या. त्या म्हाताऱ्यांचा एक धडा सिस्टरबाई रोज सकाळी यंत्र पुसताना मला म्हणून दाखवत. "भोवरा काय सांगतो ते नंतर बघ. आधी पिशवी बघ. पिशवी चपटी होऊन पोटाला लागली तर वायू कमी, नगारा झाली तर जास्त. अर्धी भरून निवांत हलली, की बरोबर." भोवरा म्हणजे काचेच्या नळीत वायूच्या जोरावर तरंगणारा छोटा तुकडा. तो मिनिटाला किती लिटर वायू चालला आहे ते दाखवतो. मोठ्या माणसाला माझ्यातून साधारण सहा लिटर लागत.

मला एक धाकटी बहीण होती. अर्ध्या लिटरची, लहान मुलांसाठी. तिची नळी बारीक, आणि तिच्या शेपटीला भोक. आता इथं नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या भोकापाशी अडली आहे.

माणूस श्वास घेतो तसा सोडतोही. सोडलेला श्वास शिळा. तो बाहेर गेला पाहिजे. माझ्या जाड नळीला रोग्याच्या तोंडापाशी एक झडप होती, शिळा श्वास तिथूनच बाहेर पडे. धाकटीला झडप नव्हती. तिच्याकडे शिळा श्वास नळीतून मागे येई, आणि मागून सोडलेल्या ताज्या वायूनं त्याला ढकलत शेपटीतून बाहेर काढावं लागे. म्हणजे ती दिसायला फुलपात्र होती, पण स्वभावानं मोरी. मोरीत पाणी जोरात सोडलं तर घाण वाहून जाते, आणि शिंतोडा मारला तर तुंबते. म्हणून लहान पिशवीला वायू जास्त लागतो, माणसाच्या श्वासाच्या अडीच-तीन पट. मुलांचा श्वासच लहान, त्यामुळे ते भागून जाई.

लहान पिशवीला जास्त. हे वाक्य उलटं वाटतं ना? आप्पांनाही वाटलं.

शहाऐंशी साल उजाडलं ते कोरडंच. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडेना. होता तो जनावरांच्या छावणीत चारा म्हणून गेला. कॉलनीच्या नळाला दिवसाआड वीस मिनिटं पाणी. कारखान्याचा भोंगा तेवढा वेळेवर वाजे, कारण त्याला ऊस लागत नाही. ऊस तोडायला जाणारी माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बसली. आणि आमच्याकडे चिरडलेली बोटं येऊ लागली.

वैशाखात संचालक मंडळाची काटकसरीची सभा झाली. डॉक्टर मोहनराव आम्हा दोघी बहिणींना ट्रेमध्ये घेऊन गेले, कारण वायूचा ट्रक औरंगाबादेहून वेळेवर येत नव्हता आणि त्याबद्दल ठराव हवा होता. डॉक्टरांचे हात चांगले होते. आवाज मात्र चेअरमनसमोर अर्धा होई.

आप्पांनी मला एका हातात घेतलं, धाकटीला दुसऱ्या.

"ह्या दोन पिशव्या कावून?"

"ही मोठ्यांची, साहेब. ही मुलांची."

"हिच्यात किती मावतं?"

"दोन लिटर."

"आन् हिच्यात?"

"अर्धा."

आप्पांनी सगळ्या संचालकांकडे पाहिलं. "बघा. दुष्काळ पडलाय आन् आपण तांब्या भरभरून वाटतोय. घरी काय करतो आपण? पाव्हण्याला तांब्या देत न्हाई, फुलपात्र देतो. पाव्हणा बी राजी, घागर बी भरलेली. ल्हानच लावा सगळ्यांला."

"साहेब, याच्यात ते जरा उलटं असतं…"

"उलटं कावून?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. दुष्काळात चहा गार करणं बरं नव्हे, म्हणून सगळे चहाकडे वळले. डॉक्टरांचं उघडलेलं तोंडही चहासाठीच उघडलं असावं असं सर्वांना वाटलं.

ठराव क्रमांक चौदा. दुष्काळ हटेपर्यंत सर्व रुग्णांस लहान पिशवी लावावी, आणि वायूचा प्रवाह दर मिनिटास चार लिटरच्या वर नेऊ नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. वायूला मत नव्हतं.

मला जाड नळीसकट यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगलं. मित्रांनो, निवृत्ती कोणालाही येते. पण माझ्या जागी आलेल्या धाकटीला मी चार लिटरवर पाहिलं, आणि मला खिळा टोचायला लागला.

सिस्टरबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "सर, हे चालंल का?"

"थोडा वेळ लागतो ड्रेसिंगला. चालून जातं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सिस्टरबाईंकडे पाहिलं नाही.

पहिले तीन रोगी पाच-पाच मिनिटांचे होते. त्यांना घाम आला, डोकं दुखलं, ते घरी गेले. उन्हाळ्यात घाम येतोच. ठराव यशस्वी झाला म्हणून आप्पांनी दवाखान्याचं कौतुक केलं.

चौथी ताराबाई. धनगराची बायको, तिशीतली. नवरा धुळाजी मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेला होता, आणि ही मागे खडी फोडत होती. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर दगड पडला होता. बोट पुरतं ठेचलं होतं आणि साफ करायला वीस मिनिटं तरी हवी होती. धुळाजी निरोप मिळाल्यावर दोन दिवस चालत आला होता. तो दारातच उकिडवा बसला.

सिस्टरबाईंनी मास्क लावला. दोन लिटर नायट्रस, दोन लिटर ऑक्सिजन. ताराबाईनं श्वास ओढला आणि धाकटी एका दमात चपटी झाली. अर्ध्या लिटरच्या पोटात दुसरं काय राहणार? ती भरलेली राहावी म्हणून सिस्टरबाईंनी तिची शेपटी चिमटीत दाबली. धाकटी भरली. दिसायला सगळं ठीक झालं.

पण मी खिळ्यावरून पाहत होते. शेपटी बंद, झडप नाही, मागून ढकलायला वायू नाही. ताराबाईनं सोडलेला श्वास नळीत घुटमळला, आणि पुढच्या दमाला तोच परत आत गेला. शिळा. त्याच्या पुढच्या दमाला आणखी शिळा.

सहा-सात मिनिटांनी तिच्या कपाळावर घाम डवरला. चेहरा लाल झाला. श्वास उथळ नव्हता, उलट धापांसारखा मोठा होता. ती पाय हलवू लागली.

"दुखतंय तिला," डॉक्टर म्हणाले. ते बोटावर वाकलेले होते. "नायट्रस वाढव."

"चार लिटरच्या वर न्हाई जाता येत, सर."

"मग ऑक्सिजन एक कर, नायट्रस तीन."

मित्रांनो, हे वाक्य मी अजून विसरले नाही. खोलीतली तीनही माणसं भली होती. एकाला तिचं दुखणं कमी करायचं होतं, एकीला ठराव पाळायचा होता, आणि दारातला तिसरा देवाचं नाव घेत होता. आणि तिघांच्या मध्ये ती बाई स्वतःच्याच श्वासात बुडत होती.

भोवरे सरकले. ताराबाईचे पाय थांबले.

"आता शांत झाली," डॉक्टर म्हणाले.

धुळाजी दारातून उठला. "बाई, तिचे व्हट बघा."

ओठ निळसर, जांभळट झाले होते. धाकटी आता अगदी कमी हलत होती. इतकी कमी, की ती झुळुकीनंही हलत असेल.

सिस्टरबाईंनी पुढे जे केलं त्याला ठराव नव्हता. त्यांनी नायट्रसची चावी बंद केली, धाकटीला नळीसकट उपटून फेकलं, मला खिळ्यावरून ओढलं, आणि जाड नळी यंत्राला बसवून ऑक्सिजन पूर्ण सोडला. भोवरा काचेत वरपर्यंत उडाला. मी इतक्या वेगानं कधी भरले नव्हते. त्यांनी मला मुठीत दाबलं. एकदा. पुन्हा. माझ्यातला ताजा श्वास तिच्यात गेला आणि झडपेतून शिळा बाहेर पडला. त्या शिळ्या श्वासाची ऊब मला अजून आठवते. कोंदट विहिरीत उतरल्यावर तळाशी जी ऊब असते, तशी.

किती वेळ गेला ते मला मोजता येत नाही. मग मी दाबल्याशिवाय हलले. माझं पोट आपोआप आत गेलं, बाहेर आलं. ताराबाई स्वतः ओढत होती.

सिस्टरबाई स्टुलावर बसल्या. डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधली.

पुढच्या सभेत डॉक्टरांनी सांगितलं की रोगी अशक्त होती. त्या साली तालुक्यात सगळेच अशक्त होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मोठ्या पिशवीनं ती वाचली, हेही त्यांनी अर्ध्या आवाजात सांगितलं. त्यावर आप्पा गंभीर झाले.

"एवढी मोलाची चीज, आन् खिळ्याला कावून टांगली? उंदरानं कुरतडली म्हंजे? जपून ठेवा."

म्हणून मला आणि माझ्या जाड नळीला कचेरीतल्या कपाटात, कार्यक्षमतेबद्दल मिळालेल्या ढालीशेजारी ठेवण्यात आलं. संचालकांपैकी कोणाला गरज लागली तर काढावी, असं ठरलं. ठराव चौदा होता तसाच राहिला.

मला हा सन्मान नको होता. पण सन्मान कोणी विचारून देत नाही.

कपाट कचेरीचे शिपाई मुंजाजी यांच्या ताब्यात. मुंजाजी निष्ठावान माणूस. त्यांच्या वडिलांनी हयातभर मोट हाकलेली. चामडं वाळलं की तडकतं, म्हणून मोटेला तेल चोळावं लागतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी मला पाहिलं, माझ्या अंगावरून बोट फिरवलं आणि हळहळले. "लई कोरडी पडली गं बाई."

दर सोमवारी ते मला करडईचं तेल चोळू लागले. घरचं तेल. त्या साली लोक भाजीला तेल घालत नव्हते, आणि हा माणूस मला चोळत होता. नळीलाही आतून बाहेरून. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो मुंजाजी, मी मोट नाही, मी रबराची आहे, तेल हे आमचं विष. पण मला तोंड आहे ते फक्त नळी बसवायला.

माझं अंग फुगलं. मग चिकट झालं. मग मऊ, इतकं मऊ की घडी पडली तिथे चिकटूनच बसले. मुंजाजी माझ्याकडे समाधानानं पाहत. "आता कशी मऊसूत झाली."

इकडे सिस्टरबाईंनी पाच आठवडे निळ्या सिलिंडरला हात लावला नाही. रोगी आले की पदर, नाहीतर उपरणं दातात धरायला सांगत, आणि डॉक्टर झरझर काम उरकत. ते ओरडणं कचेरीपर्यंत येई. कपाटात, ढालीशेजारी, मला ऐकू येई.

पाच आठवड्यांनी ताराबाई परत आली. बोट सडलं होतं. आतलं हाड मेलं होतं आणि ते काढलं नाही तर हात जाणार, असं डॉक्टर म्हणाले. पदर दातात धरून होण्यासारखं हे काम नव्हतं. पण मास्क पाहिल्याबरोबर ताराबाई बाकावरून उठली.

"न्हाई बाई. हात जाऊ द्या. मागल्या खेपंला मी हिरीत पडल्यावानी झालते. वर बघावं तर तोंड दिसंना हिरीचं. आन् माझाच वास मला येत होता सारका."

"ह्या वक्ताला मोठी पिशवी लावते ताराबाई," सिस्टरबाई म्हणाल्या. "माझा सबूद हाय."

"कुठं हाय ती?" धुळाजीनं विचारलं. त्याची नजर रिकाम्या खिळ्यावर होती.

सिस्टरबाई काही बोलायच्या आत दारात जीप थांबली. आप्पा उतरले ते मान तिरकी धरून. मानेवर काळपुळी झाली होती, पेरूएवढी. साखर कारखान्याच्या चेअरमनला मधुमेह होता, आणि त्यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. मागून मुंजाजी आले. त्यांच्या हातात मी होते, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली.

"डॉक्टर, हे फोडून टाका बाबा आजच. न्हाई सोसत," आप्पा म्हणाले. आणि मग आवाज उतरवून, "सिस्टरबाई, मला मोठी लावा. काढून आणलीय."

धुळाजीनं आप्पांकडे पाहिलं, मग फडक्याकडे.

सिस्टरबाईंनी मला हातात घेतलं आणि त्यांची बोटं माझ्या अंगाला चिकटली. त्यांनी बोटांचा वास घेतला.

"मुंजाजी, हे काय लावलं?"

"करडईचं. घाण्याचं हाय, शुद्ध," मुंजाजी अभिमानानं म्हणाले. "मोटेला आमचा बा हेच लावायचा."

सिस्टरबाईंनी माझं तोंड तळव्यानं बंद केलं आणि मला दाबलं. मी फाटले. आवाजही झाला नाही. ओल्या भाकरीसारखी मी घडीवर उसवत गेले. जाड नळी तर यंत्राच्या तोंडावरच बसेना.

"आन् फाटली नसती तरी लावली नसती," त्या म्हणाल्या. "तेल आन् ऑक्सिजन एका ठिकाणी आले की पेटतं. चेअरमनसाहेबांच्या तोंडाशी पेटलं असतं."

मुंजाजी भिंतीला टेकले. कोणी त्यांना रागावलं नाही. ते त्यांना जास्त लागलं.

"मग आता?" आप्पांनी विचारलं.

"आता ल्हान पिशवी. तुमाला बी आन् ताराबाईला बी. पण ल्हान लावायची तर पंधरा लिटर सोडावे लागत्यात. ठराव चारचा हाय."

"ल्हान पिशवीला पंधरा? कावून?"

धुळाजी बोलला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. "साहेब, पावसात कोकरं बांबूच्या डालीखाली झाकत्यात. लई झाली, वरून घोंगडं टाकलं, की सकाळला मेलेली असत्यात. न लांडगा, न रोग. एकमेकाच्या श्वासानं मरत्यात. डाल ल्हान म्हणून हवा कमी लागत न्हाई. ल्हान म्हणूनच लई लागती."

"मेंढरांचं वेगळं," आप्पा म्हणाले.

सिस्टरबाईंनी धाकटी यंत्राला बसवली. "असं करू, आप्पा. नुसता ऑक्सिजन देते. गुंगीचा थेंब न्हाई. ठरावाप्रमाणं चार लिटर. मास्क तुमी तुमच्याच हातानं धरा, नको वाटलं की काढा. पाच मिनिटं."

डॉक्टरांनी काही म्हणायला तोंड उघडलं, आणि मित्रांनो, या वेळी त्यांनी ते विचार करून बंद केलं.

आप्पा खुर्चीत बसले. मास्क धरला. सिस्टरबाईंनी धाकटीची शेपटी चिमटीत घेतली. पहिल्या मिनिटाला आप्पा कौतुकानं मान डोलावत होते. दुसऱ्या मिनिटाला डोलणं थांबलं. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा श्वास मोठा झाला, आवाज येण्याइतका. कपाळावर घाम आला, अगदी ताराबाईच्या कपाळावर जिथून सुरू झाला होता तिथूनच. त्यांचे डोळे मास्कवरून इकडेतिकडे फिरू लागले, खोलीत दार कुठे आहे ते शोधल्यासारखे. ताराबाई बाकावरून एकटक पाहत होती.

पाच मिनिटं झाली नाहीत. आप्पांनी मास्क भिरकावला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"कोंबून मारता का मला," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसतेच श्वास घेत राहिले. "पंधरा करा."

"लिहून द्या."

"सभेत घेऊ की."

"आता, आप्पा."

आप्पांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं. लहान पिशवीस पंधरा लिटर. खाली सही. सिस्टरबाईंनी ती चिकटपट्टीनं यंत्रावर लावली. मग निळा सिलिंडर दोन्ही हातांनी किंचित उचलून पाहिला. नायट्रस किती उरला ते काट्यावर कळत नाही, वजनावरच कळतं.

"पंधराच्या हिशेबानं एकाचंच काम होईल," त्या म्हणाल्या. "कोणाचं?"

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी धाकटीकडे पाहिलं. ती मास्कच्या टोकाला निपचित लोंबत होती.

"तिचं करा आधी," आप्पा म्हणाले. "मी… मी सोसंन."

त्यांना दया आली की भीती वाटली, हे मी सांगू शकत नाही. मी तेव्हा फरशीवर फाटून पडले होते, आणि तिथून उभ्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. कारखान्याच्या अहवालात मात्र 'चेअरमनसाहेबांनी आपली पाळी दुष्काळग्रस्त भगिनीस दिली' असं छापून आलं, फोटोसकट.

ताराबाईनं धुळाजीचा हात धरला आणि मास्क लावून घेतला. धाकटी पंधरा लिटरवर फुगली, शेपटीतून वायू शिट्टीसारखा वाजत बाहेर पडू लागला. पंचवीस मिनिटं. तिचं एक पेर गेलं, हात राहिला. ओठ शेवटपर्यंत लाल होते. तिची गुंगी उतरता उतरता शेजारच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला. काळपुळी फोडली जात होती, उपरणं दातात धरून. ताराबाईनं तो ऐकला आणि ती हसली. इतक्या वर्षांत हसवणाऱ्या वायूनं हसलेलं मी पाहिलेलं ते एकच माणूस.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

ठराव चौदा रद्द करायला सभा बोलावली होती. गणसंख्या भरली नाही. पुढच्या सभेला आप्पा नव्हते, त्याच्या पुढच्या सभेला पाऊस होता, आणि पाऊस आल्यावर दुष्काळाचे ठराव कोण वाचतं? यंत्रावरच्या चिठ्ठीवर काम चालत राहिलं. मग कारखाना डबघाईला आला. दवाखाना बंद पडला. सिस्टरबाई लिंबागणेशला परतल्या. जाताना त्यांनी मला उचलून पुन्हा त्याच खिळ्याला अडकवलं, फाटलेली, कोणाच्याही उपयोगाची नसलेली. यंत्रावर मेणकापड टाकलं. चिठ्ठीची चिकटपट्टी तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात सुटली. चिठ्ठी खाली पडली. उंदरांनी ती घरट्याला नेली. आप्पांना उंदरांचीच काळजी होती, ते खोटं नव्हतं.

परवा कुलूप उघडलं. नवे संचालक आले आहेत. यंदाही पाऊस नाही, आणि दवाखाना पुन्हा चालू करायचा आहे. सुग्रीवराव नावाचे हसतमुख गृहस्थ आहेत, त्यांनी मेणकापड उचललं, धाकटीला झटकून पाहिलं. कोणी तरी विचारलं, हे चालवायचं कसं?

"जुन्या लोकांनी सगळं लिहून ठेवलंय," सुग्रीवराव म्हणाले आणि सभेचं बाड उघडलं. पान पिवळं पडलं आहे, पण अक्षर ठसठशीत. "हे बघा. ठराव चौदा. लहान पिशवी. चार लिटर."

"वा. काटकसरी माणसं होती."

मित्रांनो, मला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. कोणाची काळजी घ्याल तेव्हा ती वस्तू कशाची आहे, तिला काय लागतं, हे आधी विचारा. मोटेला तेल लागतं, मला लागत नाही. पाहुण्याला फुलपात्र पुरतं, श्वासाला पुरत नाही. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या त्या दवाखान्यात आईबरोबर गेलं, आणि तिच्या तोंडावर मास्क लावला गेला, तर बाहेर जाऊन बसू नका. भोवऱ्याकडे बघू नका, बाडाकडे बघू नका. पिशवीकडे बघा. ती चपटी होऊन पोटाला लागली किंवा हलेनाशी झाली, की आईचे ओठ बघा, आणि जोरात विचारा.

उलटं वाटलं तरी विचारा. चहा आला तरी थांबू नका.